एका रांगेचा रझहा



या सदरात आम्ही आजवर कीर्तनांची पुस्तके, भजनांच्या कॅसेटी आणि एकदोन नाटके यांविषयी लिहिले. या वेळी ज्या वस्तूविषयी लिहीत आहोत तिचे नाव वाचून काही जण अंक बाजूला ठेवतील. त्यांना विनंती एवढीच की आधी शेवटपर्यंत वाचा आणि मग काय रागवायचे ते रागवा.

गेल्या हनुक्काला आमचा नातू अश्दोदला मुक्कामाला होता. माळ्यावरची जुनी पत्र्याची ट्रंक त्याने खाली काढून दिली. ही ट्रंक आमच्याबरोबर मस्कतहून आली होती. आत शाळेची हजेरीपत्रके, लोबानाची डबी, आमच्या सौ.चे दोन ओमानी रुमाल आणि तळाला एक सीडी होती. सीडीवरचे नाव वाचून नातू थबकला. नाव होते ‘व्होट हिजबुल्ला’, म्हणजे हिजबुल्लाला मत द्या. मुलगा नुकताच सैन्यातून सुटलेला आणि नोकरी उत्तर सीमेवर झालेली. हिब्रूत आदरार्थी बहुवचन नाही, त्यामुळे तो आम्हांला ‘तू’च म्हणतो. त्याने विचारले, “सबा, हे तू ठेवलंस? तीस वर्षं?”

त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

आम्ही १९८३ पासून चौदा वर्षे मस्कतच्या एका भारतीय शाळेत गणित आणि मराठी शिकवत होतो. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असल्याने लोक आम्हांला महाराष्ट्रीय समजत, आणि ते खरेच होते. त्यापलीकडे कोणी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. इस्राएलमधल्या बहिणीची पत्रे मुंबईवरून फिरून येत. १९९५ च्या उन्हाळी सुट्टीत एका सहकाऱ्याचा मुलगा मँचेस्टरहून आला. तो तिथे इंजिनिअरिंग शिकत होता. मुलगा भला, केरळचा, राजकारणाशी काही संबंध नसलेला. “सर, तुम्हाला तालाची आवड आहे, हे ऐका,” म्हणून त्याने ही सीडी दिली. आम्ही कोण आहोत हे त्याला ठाऊक नव्हते.

आता हे संगीत काय ते सांगू. याला इंडस्ट्रियल म्युझिक म्हणतात, म्हणजे कारखान्याचे संगीत. त्याची सुरुवात १९७६ च्या सुमारास लंडनला झाली. थ्रॉबिंग ग्रिसल नावाच्या चौघांच्या चमूने ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्‌स’ या नावाने स्वतःची कंपनी काढली आणि त्या नावावरून प्रकारालाच नाव पडले. यात गोड चाल नाही, कडवे-धृपद नाही. यंत्रांचा गोंगाट, टेप कापून जोडलेले तुकडे, विजेची घरघर, मधूनच कोणाचा तरी आवाज, असा सगळा मामला. या मंडळींना मुद्दाम लोकांना दचकवायचे होते. त्यांच्यातल्या काहींनी नाझी छावण्यांची चित्रे आणि शब्दही त्यासाठी वापरले. ज्यांची माणसे त्या छावण्यांत गेली त्यांना हे ऐकून काय वाटेल, याचा विचार फारसा कोणी केला नाही. म्हणजे मोठी नावे उचलून दचकवण्याची खोड या प्रकाराला जन्मापासूनच आहे.

आमच्या सीडीचा कर्ता मात्र लंडनचा नव्हे. ब्रिन जोन्स त्याचे नाव. १७ जून १९६१ रोजी मँचेस्टरला लागूनच असलेल्या सॅलफर्ड येथे तो जन्मला. १९८२ साली इस्राएलचे सैन्य लेबनॉनमध्ये शिरले, तेव्हा टीव्हीवरच्या बातम्या पाहून हा एकवीस वर्षांचा पोरगा पेटला आणि त्याने ‘मुस्लिमगॉझ’ हे नाव घेतले. नावात श्लेष आहे. इंग्रजीत मलमलीला मस्लिन म्हणतात आणि जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाला गॉझ. आपल्या समाजातल्या नर्सबाईंना हे सांगायला नको. मस्लिन हा शब्द मोसुल शहरावरून आला आणि गॉझ हा गाझावरून आला असावा, असे काही कोशकार म्हणतात. कापडगिरण्यांच्या गावच्या मुलाला सुचलेले नाव म्हणून ते आम्हांला चतुर वाटते.

हा माणूस मुसलमान नव्हता. ज्या देशांची नावे त्याने आपल्या तबकड्यांना दिली त्यांपैकी मध्यपूर्वेच्या एकाही देशात तो गेला नाही. आईवडिलांच्या घरी राहायचा, पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचायचा आणि स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रण करायचा. त्याची साधने जुनी होती. ताल वाजवणारे यंत्र, हाताने वाजवायची तऱ्हेतऱ्हेची चर्मवाद्ये आणि टेपच्या गोल फिरणाऱ्या पट्ट्या, एवढ्यावर त्याचे काम चाले. संगणकाची त्याला आवड नव्हती. आम्सटरडॅमची स्टालप्लाट, अमेरिकेतली सोलेलमून, ऑस्ट्रेलियातली एक्स्ट्रीम अशा छोट्या कंपन्या त्याचे काम मोजक्या प्रतींत काढत. या कंपन्यांना छापणे झेपणार नाही इतक्या वेगाने तो टेपा पाठवी. एकट्या १९९३ साली त्याच्या ‘व्होट हिजबुल्ला’, ‘हमास आर्क’, ‘बिट्रेयल’ आणि ‘सत्यजित आय’ अशा कितीतरी सीड्या निघाल्या. शेवटचे नाव आपल्या सत्यजित राय यांच्यावरून घेतलेले. १४ जानेवारी १९९९ रोजी रक्तात बुरशीचा दुर्मिळ संसर्ग होऊन तो वारला. वय अवघे ३७. त्याने साठवून ठेवलेल्या टेपांवरून पुढेही वर्षानुवर्षे सीड्या निघत राहिल्या.

त्या उन्हाळ्यात, बायकामुले मुंबईला गेलेली असताना, रूवीच्या खोलीत आम्ही ती सीडी लावली. खरे सांगतो, पहिली दहा मिनिटे आम्ही नावच विसरलो. हाताने वाजवलेल्या तालाचा एक तुकडा सुरू होतो आणि फिरत राहतो. त्याखाली एक घरघर असते, तंबोऱ्यासारखी, पण मायेची नसलेली. आवाज मध्येच तुटतो, काळोखात दिवे गेल्यासारखा, आणि मग तोच तुकडा पुन्हा सुरू होतो. शब्द जवळजवळ नाहीत. पाचदहा मिनिटे तेच ते.

हे ऐकून आम्हांला काय आठवले असेल? घाणा. आपले वाडवडील कुलाबा जिल्ह्यातले शनिवार तेली. आमच्या आजोबांचा घाणा आम्ही लहानपणी पाहिला आहे. बैल त्याच वाटोळ्यात फिरतो, लाट करकरते, आणि पाहणाऱ्याला वाटते की काहीच घडत नाही. पण खाली भांड्यात तेल साचत असते. ब्रिन जोन्सचा ताल असा फिरतो. ऐकणाऱ्याने धीर धरला तर दहाव्या वेढ्याला कान बारीक होतात आणि पहिल्या वेढ्यात न ऐकलेली एक टिचकी ऐकू येते. हे कसब आहे. ज्याने हे केले त्याला ताल कळत होता. टीका करण्याआधी हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. विद्यार्थ्याचे अक्षर चांगले असेल तर उत्तर चुकले तरी अक्षराचे गुण आम्ही कापत नसू.

मग सीडी संपली, हातात वेष्टण आले आणि नाव पुन्हा डोळ्यांसमोर आले.

१९९२ साली हिजबुल्ला लेबनॉनच्या निवडणुकीत प्रथमच उतरली. पुढच्या वर्षी मँचेस्टरच्या या तरुणाने, ज्याला तिथे मत देण्याचा हक्क नाही आणि ज्याच्या घरावर तिथला तोफगोळा पडणार नाही, लोकांना मत द्यायला सांगितले. १८ जुलै १९९४ रोजी ब्युनॉस आयरिसमधील ज्यू समाजाच्या इमारतीखाली स्फोट झाला आणि ८५ माणसे मेली. ती इमारत म्हणजे आपल्या समाजाच्या संस्थेसारखीच होती. वर्गणी भरायला, नोकरीची चौकशी करायला, म्हाताऱ्यांची कागदपत्रे करायला लोक तिथे येत. पुढे अर्जेंटिनाच्या न्यायालयाने त्याचा दोष हिजबुल्लावर ठेवला. आम्ही सीडी ऐकली तेव्हा त्या स्फोटाला एकच वर्ष झाले होते. घाण्यातून आलेले ते तेल आम्हांला कडू लागले.

पण न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९४ साली जोन्सने ‘हेब्रॉन मॅसॅकर’ नावाची तबकडी काढली. हेब्रॉनचे हत्याकांड खरेच घडले होते. २५ फेब्रुवारी १९९४, पुरीमचा दिवस. एका ज्यूने मखपेलाच्या गुहेत नमाज पढणाऱ्या २९ माणसांना गोळ्या घातल्या. ती जागा आपल्या आणि त्यांच्या आद्य पित्याच्या, आब्राहामाच्या, कबरीची. त्या दिवशी आम्ही मस्कतला होतो. शाळेच्या शिपायाने, ओमानी म्हातारा होता, बातमी सांगताना आमच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. आमचीही मान खाली गेली, फक्त कारण त्याला माहीत नव्हते. तेव्हा जोन्सची सगळीच नावे खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. एका नावाने तो मेलेल्यांची आठवण ठेवतो आणि दुसऱ्या नावाने मारणाऱ्यांसाठी मते मागतो. हा फरक त्याला दिसला नाही, किंवा दिसून त्याने दुर्लक्ष केले. आमचा पहिला आक्षेप हा आहे.

या सीड्यांवरून ऐकणाऱ्यांत तीन तट पडले. पहिल्या तटाचे म्हणणे असे की हा थोर कलावंत, याने अरबी ताल आणि यंत्राचा आवाज यांची नवी गाठ मारली, आणि पुढच्या कितीतरी लोकांनी त्याच्यापासून घेतले. दुसरा तट म्हणतो की न पाहिलेल्या देशांच्या रक्तावर याने आपले दुकान मांडले. तिसरा तट सर्वांत मोठा. त्यांचे म्हणणे, नावे वाचूच नका, नुसते ऐका. जोन्स स्वतः म्हणे की प्रत्येक तुकड्यामागे एक राजकीय घटना आहे, पण मी शब्द घालत नाही, कारण ते प्रवचन होईल. ज्याला हवे त्याने शोधून वाचावे. त्या प्रदेशात का जात नाही असे विचारले तर तो म्हणे की दुसऱ्याच्या ताब्यातल्या भूमीवर पाय ठेवणे बरोबर नाही.

तिसऱ्या तटाशी आम्ही बराच काळ मनात वाद घातला, कारण त्यांच्या म्हणण्यात आपल्याच घरचा एक पुरावा आहे. आपल्या पूर्वजांनी १८८० च्या सुमारास कीर्तन उचलले. चाली हिंदू कीर्तनाच्या, साकी-दिंडी त्यांचीच, झांज-पेटी त्यांचीच, आणि कथा मात्र योसेफाची, मोशेची, आब्राहामाची. चाल विठ्ठलाची म्हणून योसेफाच्या दुःखाला ती नको म्हणाली नाही. आपले वाडवडील तर सिनेगॉगला मशीद म्हणत. मांडवीचे शाअर हारहमीम म्हणजे सगळ्यांच्या तोंडी जुनी मशीद. म्हणजे नाव एक आणि वस्तू दुसरी, हे आम्ही बेने इस्राएलींनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. मग जोन्सचा ताल नाव झाकून का ऐकू नये?

याचे उत्तर आम्हांला ओमानने दिले.

ओमानमध्ये १९८३ साली सरकारने पारंपरिक संगीताचे केंद्र काढले आणि गावोगावची गाणी-नाच ध्वनिमुद्रित करून ठेवायला सुरुवात केली. सुलतान काबूस यांना संगीताचे वेड. १९८५ साली त्यांनी ओमानी मुलामुलींचा पाश्चात्त्य वाद्यवृंद उभा केला. उंटावर बसून बॅगपाइप वाजवणारे पथकही आम्ही तिथेच पाहिले. पण आमचे मन रमे ते रझहात. राष्ट्रीय दिनाला (तेव्हा तो १८ नोव्हेंबरला असे), ईदला, लग्नात रझहा होतो. पांढरे झगे घातलेल्या पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. मधून दोन ढोल फिरतात, मोठा रहमानी आणि लहान कासिर. तलवारी हवेत उडतात आणि पुन्हा मुठीत येतात. एका रांगेचा कवी ओळ टाकतो, त्याची रांग ती उचलते, आणि मग दुसऱ्या रांगेने उत्तर द्यायचे. कधी स्तुती, कधी कोडे, कधी टोमणा. आमच्या कोकणातला शक्ती-तुराच म्हणा ना! सवाल तिखट असू शकतो, अगदी झोंबणारा असू शकतो. पण समोर रांग हवी, आणि उत्तराला जागा हवी. उत्तर येईपर्यंत ढोल थांबत नाहीत.

निझव्याला एका ईदेला हे पाहताना आम्हांला ती सीडी आठवली आणि तिच्यात काय खटकते ते उमगले. ढोल तेच होते, निदान त्याच घराण्यातले. तोच फिरता ताल. पण जोन्सच्या मैदानात एकच रांग उभी आहे. तो सवाल टाकतो आणि समोर कोणी नाही. समोरचा जवाब देईल अशी त्याची अपेक्षाही नाही. त्याच्या तालात लेबनॉनचा माणूससुद्धा नाही, मग इस्राएलचा कुठून असणार? ज्यांच्यासाठी तो पेटला त्यांचा आवाज तुकड्यातुकड्याने येतो, कापलेला, नाव-गाव नसलेला. त्यांना तो बोलू देत नाही, फक्त वाजवतो. आमचा दुसरा आणि मोठा आक्षेप हा आहे.

आणि म्हणूनच कीर्तनाचा पुरावा इथे लागू पडत नाही. कीर्तनकाराने परकी चाल घेतली ती आपल्या माणसांसमोर उभे राहण्यासाठी. चूक झाली तर सभेतला म्हातारा तिथेच हटकी. योसेफाला विहिरीत टाकणारे भाऊसुद्धा आपलेच, त्यांचीही बाजू कीर्तनात येते, शेवटी ते रडतात आणि त्यांना क्षमा मिळते. चाल उसनी, पण हिशेब घरचा. जोन्सने नाव उसने घेतले, ताल उसना घेतला, दुःखही उसने घेतले, आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांच्या दारात एकदाही गेला नाही. न जाण्याला त्याने तत्त्वाचे नाव दिले. वर्गात न येता उत्तरपत्रिका पाठवणारी मुले आम्ही पाहिली आहेत. हुशार असतात, पण त्यांच्या चुका त्यांना कोणी सांगू शकत नाही.

आता त्या १९९३ सालाचीच दुसरी तबकडी पाहा. ‘बिट्रेयल’ म्हणजे विश्वासघात. त्याच साली १३ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये राबिन आणि अराफात यांनी हात मिळवले होते. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९९४ मध्ये, राबिन ओमानला आले आणि सुलतानांनी त्यांचे स्वागत केले. बातमी कळली तेव्हा आम्ही आणि सौ. दार लावून बसलो आणि बराच वेळ काही बोललो नाही. शेजारी दुकानदार रेडिओ ऐकत होता. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “येऊ दे, बोलू दे. बोलल्याने काय जाते?” दुसरी रांग उभी राहिली होती. ४ नोव्हेंबर १९९५ ला राबिन मारले गेले, आणि मारणारा अरब नव्हे, ज्यू होता. त्यालाही हस्तांदोलन विश्वासघातच वाटले होते. १९९६ साली मस्कत आणि तेल अवीव यांच्यात व्यापारी कचेऱ्यांचा करार झाला, २००० साली त्या कचेऱ्या बंद झाल्या. पुढे काय झाले ते आपण सगळे जाणतो. आम्ही काही भोळे नाही. ओमानच्या एका सभ्य वागणुकीने युद्धे थांबत नाहीत. पण ढोल दोन रांगांसाठी वाजतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना एका रांगेचा रझहा अपुराच वाटणार, मग ती रांग मँचेस्टरची असो की आपल्या गल्लीतली. आपल्याकडेही एका रांगेची गाणी कमी नाहीत, हे सांगायला हवे.

तेव्हा आमचा निकाल असा. कारागिरीला गुण चांगले. कानाला जे शिकवले त्याबद्दल आभार. त्याच्या रागात सुरुवातीला खरेपणा होता, हेही मान्य. पण ज्या रागाला समोरचा माणूस दिसत नाही तो वर्षानुवर्षे त्याच वाटोळ्यात फिरतो, आणि जोन्सचा राग तसा फिरत राहिला. काबूलपासून काश्मीरपर्यंत जी जी जखम वर्तमानपत्रात आली तिचे नाव त्याने तबकडीला दिले. गॉझ जखमेवर बांधायचे असते. त्याने ते झेंड्यासारखे काठीला लावले.

नातवाने विचारले होते, का ठेवलेस. एक कारण साधे आहे. ज्या मुलाने दिली त्याने प्रेमाने दिली होती, आणि आम्ही कोण हे त्याला सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. सांगितले असते तर कदाचित त्याने ती सीडी पुन्हा एकदा, वेगळ्या कानाने ऐकली असती. त्या खोलीत दुसरी रांग आम्ही होतो आणि आम्ही गप्प राहिलो. जोन्सला दोष देताना हे विसरून चालणार नाही.

शेवटी नातवाने आणि आम्ही ती मिळून ऐकली. पंधरा मिनिटांनी तो म्हणाला, “सबा, ढोल चांगला आहे.” मग थोडे थांबून, “पण हा माणूस कोणाशी बोलतोय?” आम्ही त्याला निझव्याच्या ईदेची गोष्ट सांगितली. सौ.ने आतून चहा आणला आणि विचारले की हा गोंगाट बंद कधी होणार. आम्ही बंद केला. सीडी ट्रंकेत परत ठेवली आहे, लोबानाच्या डबीशेजारी.